भीमाशंकर, पण देवळामागचं

भीमाशंकरला मी आजवर सात-आठ वेळा तरी गेले असेन. दर वेळी शिरस्ता तोच. पहाटे पुण्याहून निघायचं, दोनशेच्या वर पायऱ्या उतरायच्या, रांगेत उभं राहायचं, दर्शन, मग त्याच पायऱ्या धापा टाकत चढायच्या, वर लिंबू सरबत आणि भजी, रात्री जेवायला घरी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे काही हिरवंगच्च उभं असायचं त्याला "काय गारवा आहे ना इथे" एवढं म्हटलं की आमचं काम संपायचं. त्या गारव्यात शिरायचं कधी सुचलं नाही.

या खेपेला ठरवून गेलो. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, सोमवार ते बुधवार. शनिवार-रविवार मुद्दाम टाळला. बरोबर मावशी, वय ७२, आणि आमचे चिरंजीव, वय १३. मावशीची अट : महादेवाचं दर्शन झालंच पाहिजे. चिरंजीवांची अट : शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी ती भली मोठी खार, दिसलंच पाहिजे. माझी अट कोणी विचारली नाही.

सोमवार

पावणेपाचला घर सोडलं. चाकण सहाच्या आत ओलांडलं नाही तर पुढच्या दिवसाचं काही सांगता येत नाही, हे पुण्यातल्या माणसाला समजावायला नको. मंचरला चहा, तिथून डावीकडे घोडेगाव. पेट्रोल आणि रोख पैसे इथेच घेऊन ठेवावेत. पुढे फोनची रेंज आणि एटीएम दोन्ही लहरी आहेत.

घोडेगाव सोडलं की थोड्याच वेळात डिंभे धरण लागतं. घोड नदीवरचं. जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूंचं, कारण त्यांचं महाळुंगे पडवळ याच आंबेगाव तालुक्यातलं. मुंबईत १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा पडलेला हा गिरणी कामगार, आणि त्याच्या नावाच्या पाण्याखाली त्याच्याच तालुक्यातली आदिवासी गावं गेली. मेअखेरीस पाणी खूप खाली उतरलेलं असतं. उघड्या पडलेल्या काळ्या मातीत माणसं काहीबाही करताना दिसत होती. धरणात जमीन गेलेले लोक पाणी हटलं की या गाळात पीक घेतात, गाळपेर म्हणतात त्याला.

धरणापाशी रस्ते फुटतात. एक भीमाशंकरला जातो, दुसरा जलाशयाच्या काठाकाठाने आहुप्याला. आम्ही आहुप्याचा धरला, तेव्हा मावशीने मागच्या सीटवरून विचारलं, "देऊळ तिकडे आहे ना गं?" मी म्हटलं, "उद्या." मावशीने पिशवीतून जपमाळ काढली, म्हणजे नाराजी नोंदवली.

आहुपे हे सह्याद्रीच्या अगदी कडेलोटावर बसलेलं महादेव कोळी आदिवासींचं गाव. गावाच्या पश्चिमेला जमीन संपते आणि एकदम खाली कोकण दिसतं. भीमाशंकर अभयारण्यातल्या गावांपैकी हे एक. अभयारण्य १९८५ साली झालं, मुख्यतः शेकरूसाठी; क्षेत्रफळ साधारण १३१ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. हे सगळं चिरंजीवांनी प्रवासात दोनदा वाचून दाखवलं होतं.

ज्यांच्या घरी उतरलो ते पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. जंगलात आमचे वाटाडेही तेच. मी त्यांना मामा म्हणायला लागले, ते मला ताई. मावशीला त्यांनीही मावशीच केलं, त्यामुळे नात्यांचा जरा गुंता झाला, पण मावशीचा राग तिथेच निम्मा उतरला.

अंगणात गोणपाटांवर काळपट-हिरवी, बोराहून लहान, सुरकुतलेली फळं वाळत घातली होती. बाळहिरडा. झाडावर हिरडा पुरता धरायच्या आधीच तो उतरवतात आणि वाळवतात. औषधाला जातो, कातडी कमवायला आणि रंगाला जातो. मामा म्हणाले, "भात खायापुरता व्हतो ताई. पोरांच्या शाळेचा, लग्नाचा पैसा या झाडाचा." ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ इकडच्या लोकांच्या बोलण्यात सारखं येतं. कोकण किनाऱ्यावर धडकलेल्या त्या वादळाने घाटमाथ्यावरच्या हिरड्याची झाडं मुळासकट आडवी केली. भाताचं नुकसान पुढच्या वर्षी भरून निघतं. हिरड्याचं झाड नव्याने लावून उतारा मिळायला माणसाची अर्धी पिढी जाते. नुकसानभरपाईच्या यादीत मुळात हिरडा बसतो का, इथून लोकांना भांडावं लागलं.

मावशीने एक फळ उचललं, फुंकर मारून तोंडात टाकलं आणि चिरंजीवांना ऐकवलं, "यस्य माता गृहे नास्ति तस्य माता हरीतकी. ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हिरडा." मग एक फळ त्याच्या तोंडातही कोंबलं. तोंड जे आवळलं गेलं पोराचं! "आता पाणी पी," मामा म्हणाले. प्यायला. डोळे मोठे करून म्हणाला, "गोड लागतंय!" त्यानंतर परत येईपर्यंत त्याच्या खिशात हिरडे होते.

दुपार नुसती तापली. मेअखेरीचं ऊन, वारा नाही. कोपऱ्यावर बायका हंडे घेऊन निघालेल्या. या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो सगळा कातळावरून वाहून खाली जातो. मेमध्ये हंडा डोक्यावर येतोच. गावाभोवतीच्या खाचरांत राब, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पसरलेला पालापाचोळा, भाजून झाले होते, काळे चौकोन दिसत होते. कुठे कुठे धूळवाफ पेरणीही, पावसाआधी कोरड्या मातीतली, उरकली होती. आता सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे. पावशा पक्षी सकाळपासून 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' करून कान किटवत होता. त्याला उत्तर देणारं कोणी नव्हतं, कारण ज्यांना पेरायचं होतं ते पेरून बसले होते.

चार वाजता राईत गेलो, म्हणजे गावाच्या देवराईत, देवाच्या नावाने राखलेल्या रानात.

देवराईबद्दल वाचलेलं होतं. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी हिंडून नोंदवल्या, हे माहीत होतं. त्यामुळे डोक्यात चित्र होतं ते मोठाल्या खांबांच्या सभामंडपासारखं : उंचच उंच सरळ झाडं, मधून तिरपी किरणं. तसं काही नाही. माथ्यावर पावसाळी वारा इतका झोडपतो की झाडं फार उंच जातच नाहीत. ती आडवी पसरतात, एकमेकांत शिरतात. बाहेरच्या माळावरून पाहिलं तर राई म्हणजे एक बुटकी, गडद हिरवी गुठळी. तुम्ही वाकून आत शिरता आणि चार पावलांत उजेड जातो. घाम सुकतो. पायांखाली पानांचा थर इतका जाड, की पाऊल टाकल्याचा आवाज होत नाही, नुसतं दबतं.

मामांनी आत शिरताना चपला बाहेर काढल्या. आम्हीही काढल्या. मावशीने तर पदरही डोक्यावरून घेतला.

जुनं जंगल ओळखायचं कसं, हे मला त्या तासाभरात थोडं कळलं. झाडाच्या उंचीवरून नाही. एक आंबा होता, आम्ही तिघांनी हात धरून त्याला वेढा घातला तरी हातभर जागा उरली, ते एक झालं. पण मला जास्त पटली ती गारंबी. ही वेल आहे म्हणून सांगितलं नसतं तर मी तिला खोड समजले असते. माझ्या मांडीहून जाड, पिळदार, जमिनीवरून अजगरासारखी सरपटत गेलेली, मग एका जांभळीवर चढलेली, तिथून तिसऱ्याच झाडावर, आणि वर पानांत दिसेनाशी. तिची हात-हातभर लांब शेंग मामांनी दाखवली. आत तळहातावर मावेल अशी चपटी, गुळगुळीत तपकिरी बी. वेल इतकी जाड व्हायची तर तिला चढायला दिलेली झाडं तितकी वर्षं उभी राहायला हवीत. मधल्या काळात एकानेही कोयता चालवून चालत नाही.

मोठी झाडं मी मोजत होते तर मामा पडलेली झाडं दाखवत होते. एक प्रचंड खोड आडवं झालेलं, वर शेवाळ, पोटात पोकळी, कुशीतून दोन रोपं उगवलेली. "हे माझ्या लहानपणी पडलं."

"मग उचललं का नाही कोणी? केवढं सरपण झालं असतं," मावशी म्हणाली.

"देवाचं हाय. वाळलेली काडी सुदिक घरी न्यायची न्हाय."

"नेली तर?"

मामा हसले. "नेऊन बघितली न्हाय कुणी."

याच माणसाने दुपारी मला सांगितलं होतं, की राबासाठी टहाळ तोडावा लागतो, सरपण लागतं, वनखात्याशी त्यावरून खटके उडतात. म्हणजे जंगल तोडू नये असं त्यांचं काही सरसकट तत्त्व नाही. शंभर पावलांवर झाडं छाटलेली, बोडकी आहेत. इथे मात्र काडीलाही हात नाही. हद्द कुंपणाने आखलेली नाही, फलक नाही. पण पाच वर्षांच्या पोरालाही ती माहीत आहे.

देव म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा, नुसता अनघड दगड, वर छप्पर जेमतेम. मावशीने नमस्कार केला आणि मागच्या ओघळीत बोट बुडवून पाहिलं. पाणी होतं. बारीक, पण होतं. गावातल्या विहिरीने तळ गाठलेला असताना या झाडांच्या बुडाशी पाणी झिरपत होतं. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

शेकरू दिसलं नाही. घरटी दिसली, दोन. फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा, फुटबॉलपेक्षा दुप्पट. एकेक शेकरू अशी बरीच घरटी बांधून ठेवतं, काही झोपायला, काही बाळंतपणाला. वहीत नोंद झाली : 'घरटी २, शेकरू ०.'

रात्री नाचणीची भाकरी, पिठलं, करवंदाचं लोणचं. जेवून अंगणात बसलो आणि मामींनी दिवा मालवला. मग राईच्या कडेला असलेल्या झाडावर एक ठिणगी दिसली, दहा दिसल्या, आणि मग सगळं झाडच एका लयीत पेटायला-विझायला लागलं. काजवे. वळवाचा एखादा सडाका होऊन गेला की मेच्या अखेरीस त्यांचे दिवस भरात असतात. उडत चमकतात ते नर, माद्या खाली फांद्यांवर बसून उत्तर देतात. अळीचं आयुष्य महिनोन् महिने, गोगलगायी खात ओल्या मातीत; पंख फुटल्यावर हातात उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, तोही उजेडाच्या खुणेने. म्हणूनच गाडीचा दिवा, मोबाइलचा टॉर्च तिथे नको वाटतो. अलीकडे काजवे बघायला झुंडी निघतात आणि पहिलं काय करतात तर झाडावर टॉर्च मारतात. असो.

चिरंजीवांनी फोटो काढायचा प्रयत्न केला, काळा आयत आला. मग फोन ठेवून गप बसला. दूर कुठेतरी भेकर, म्हणजे लहान हरीण, भुंकलं, कुत्र्यासारखं पण घोगरं. "बिबट्या असंल का?" त्याने हळूच विचारलं. मामांच्या बोलीत बोलायला लागला होता. मामा म्हणाले, "असतो की. पण बघायचाच आसंल तर तुमच्या वाटंवर मंचरला उसात बघा. तिकडं जास्ती हाईत." हे खरंच आहे. जुन्नर-आंबेगावातले बिबटे कधीच उसात राहायला गेले.

मंगळवार

सकाळी कड्यावर गेलो. खाली कोकणातून ढगांचा कापूस हळूहळू वर येत होता आणि त्यातून गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके डोकं काढून उभे. आहुपे घाटाची जुनी वाट इथूनच खाली मुरबाडकडच्या खोपिवलीला उतरते. मामांची आजी याच वाटेने डोक्यावर हिरडा घेऊन उतरायची आणि मीठ, सुकी मासळी घेऊन चढायची. मी काठावरून दोन वळणं खाली पाहिली आणि गुडघे धरले.

मग गाडीने परत डिंभ्यापर्यंत मागे आणि तिथून तळेघरमार्गे भीमाशंकर. मामाही गाडीत बसले, निगडाळ्याला बहिणीकडे जायचं होतं, आणि बुधवारी सकाळी जंगलात न्यायचंही कबूल केलं.

भीमाशंकरला पोचल्यावर जे व्हायचं ते झालं. फोनवर पक्की केलेली खोली आमच्या आधी आलेल्या मंडळींना दिली गेली होती. "तुम्ही कन्फर्म केलं नाही ना मॅडम." मी पैसे भरल्याचा मेसेज दाखवला. "हो, पण कन्फर्म नाही केलं." या वाक्यापुढे मनुष्य हतबल होतो. शेवटी दुसरीकडे एक खोली मिळाली, खिडकीला काच नाही, पुठ्ठा. रात्री वानरांनी तो पुठ्ठा आत ढकलून मावशीची केळी नेली. पिशवी ठेवून गेले, एवढी सभ्यता.

संध्याकाळी मावशीची अट पुरी केली. पायऱ्या उतरताना दर वीस पायऱ्यांवर बसत, दुकानांतल्या खव्याच्या चौकशा करत गेलो. मंगळवार असल्याने रांग नव्हती. मूळ देऊळ जुनं, शिखर अठराव्या शतकातलं, नाना फडणीसांच्या पुढाकारातून झालेलं. आवारातली ती मोठी घंटा मी दर वेळी पाहिली होती, वाचली कधी नव्हती. वसईच्या १७३९च्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी तिकडच्या चर्चमधल्या ज्या घंटा आणल्या, त्यातली ही एक. तशीच एक वाईजवळच्या मेणवलीला आहे. चर्चची घंटा, महादेवाच्या दारात, भोवती शेकरूचं जंगल. मावशी म्हणाली, "आवाज चांगला असला म्हणजे झालं."

भीमेचा उगम इथलाच. काल पाहिलेली घोड याच डोंगररांगेत, आहुप्याकडे जन्मते. दोघी वेगवेगळ्या दऱ्यांतून उतरतात आणि पुढे खाली देशावर एक होतात. मग भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. उगमापाशी मात्र प्लास्टिकच्या बाटल्या, बेलाची पानं भरलेल्या पिशव्या आणि एक बूट होता. एकच.

बुधवार

साडेपाचला देवळामागची गुप्त भीमाशंकरची वाट धरली. मावशी "मी येणार" म्हणाली आणि मामांनी तिच्यासाठी कारवीचं नाही, चांगलं जाड दांडकं काठी म्हणून आणलं. अंधार फिकट होत होता. कोणीतरी रिकामपणी शीळ घालत चाललंय असं वाटलं, सूर अर्धवट सोडून पुन्हा पहिल्यापासून. माणूस नव्हता, शीळकरी कस्तुर पक्षी होता. पावसाळा जवळ आला की तो असा गायला लागतो. कुटुर्ग्यांचा 'कुटरूक-कुटरूक' चालूच होता. आणि एकदाच, खाली पाचोळ्यातून, दोन सुरांची स्वच्छ शीळ : नवरंग पक्षी. विणीसाठी याच सुमाराला येतो. दिसला नाही.

हे जंगल अंजनी, जांभूळ, पिसा यांचं. अंजनीची निळी फुलं चैत्रात येऊन गेली होती, आता खोडं नुसती करडी, नितळ, गार. मामा म्हणाले, श्रावण-भाद्रपदात या, रात्री पडलेली लाकडं हिरवट चमकतात. कुजक्या लाकडावर वाढणारी ती बुरशी असते, ओल भरपूर असली की उजळते. चिरंजीवांनी लगेच माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

अर्ध्या वाटेवर मावशीचा गुडघा बसला. एका दगडावर टेकली आणि म्हणाली, "मी हितंच बसते. तुम्ही जाऊन या." मामा तिच्यापाशी थांबले. वाट सरळच होती, पुढे आम्ही दोघं गेलो.

गुप्त भीमाशंकर म्हणजे ओढ्याच्या कातळातलं लहानसं लिंग. पावसाळ्यात त्याच्यावर धार पडते, आता नुसती ओल. जाताना आणि येताना पोराने मान वर करून करून अवघडून घेतली. घरटी मोजली, पाच. कालची-परवाची धरून सात. शेकरू नाही. त्याचा चेहरा पडत चालला. "एवढी घरं बांधतात आणि एकाही घरात कोणी नाही, म्हणजे काय," म्हणाला. मी त्याला सांगणार होते की पुण्यातही तसंच आहे, पण वेळ बरी नव्हती.

परत वळणावर आलो तर मामांनी हात वर केला. थांबा. मावशी दगडावर तशीच बसलेली, मान किंचित वर, तोंडात हिरडा. ओठ न हलवता म्हणाली, "अर्धा तास झाला. हलू नका."

जांभळीवर होतं. आधी मला फक्त शेपूट दिसली, फांदीवरून सरळ खाली लोंबणारी, झुबकेदार, टोकाकडे फिकट. मग वरचं अंग. पाठ लालसर तपकिरी, विटेच्या रंगाची, पोट मळकट पांढरं, कान टोकदार. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन फूट तरी असेल. मागच्या पायांनी फांदी धरून उलटं टांगलं होतं आणि पुढच्या दोन हातांत जांभूळ. जांभळं अजून पुरती पिकली नव्हती, त्याला चालत होतं. फळ फिरवायचं, साल कुरतडायची, दोन घास, टाकून द्यायचं, दुसरं तोडायचं. मावशीच्या पायाशी जांभळ्या चोथ्याचा सडा झाला होता. तिच्या पांढऱ्या नऊवारीवर तीन डाग, ते अजून निघालेले नाहीत.

१८३१ साली कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या घाटातल्या शेकरूचं वर्णन केलं आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहिलेल्या एल्फिन्स्टनचं नाव त्याला चिकटवलं. तेच अजून शास्त्रीय नावात आहे. भीमाशंकरात तुम्हाला कोणीही छातीठोकपणे सांगेल, की हे जगात फक्त इथेच सापडतं. तसं नाही. महाबळेश्वरला आहे, फणसाडला आहे, राधानगरीकडे आहे. महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे तो, एका तीर्थक्षेत्राचा नव्हे. पण मामांना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

मग कुठूनतरी वानरांची टोळी आली आणि शेकरूने आवाज काढला. एवढ्या देखण्या जनावराचा असा आवाज असेल वाटलं नव्हतं, लाकडी खुळखुळा जोरजोरात हलवल्यासारखा. उलटं-सुलटं होत फांदीवर आलं आणि पळालं. पळालं म्हणजे काय, एका झाडावरून दुसऱ्यावर वाहत गेलं. फांद्या जिथे एकमेकींना भिडलेल्या तिथे थांबण्याची गरजच नाही. जिथे फट आहे तिथे अंग लांब करून झेप, वीस फूट सहज.

आणि मग आमच्या वाटेपाशी आलं. इथे पायवाट रुंद केलेली होती, दोन्ही बाजूंची झाडं छाटून. टोकाच्या फांदीवर येऊन थांबलं. पलीकडे पाहिलं. फांदी वाकली. दोनदा अंग पुढे टाकून माघारी घेतलं. खाली उतरून चार पावलं चालत गेलं असतं तर झालं असतं, पण शेकरू जमिनीवर सहसा येत नाही. मागे फिरलं, वाटेच्या कडेकडेने झाडांवरून बरंच वर गेलं, जिथे एका जुन्या अंजनीची फांदी अजून वाटेवरून पलीकडे पोचत होती, तिथून गेलं.

आम्ही चौघं त्या फांदीखाली जाऊन उभे राहिलो. मनगटाएवढी असेल. मामा म्हणाले, "सगळी हितूनच जात्यात." फांदीची वरची साल घासून तुळतुळीत झाली होती, देवळाच्या उंबऱ्यासारखी.

परतीला वाड्यावरून राजगुरुनगरला उतरलो. पोहे, चहा, मावशीला गुडघ्यावर लावायला मलम. "पुढच्या वेळी," ती म्हणाली, "तुम्ही जा दर्शनाला. मला त्या दगडावर बसवून द्या." चाकणला अर्थातच अडकलो, पावणेदोन तास. त्या वेळात वही बाहेर निघाली आणि भांडण सुरू झालं. पोराने लिहिलं होतं : 'घरटी ७, शेकरू १.' मावशीचं म्हणणं, आम्ही यायच्या आधी दोन होती, एक मोठं आणि एक जरा बारकं, बारकं वर निघून गेलं. मामांनी पाहिलं का? मामा तेव्हा तंबाखू मळत होते. साक्षीदार नाही, फोटो नाही. पोरगं म्हणे, पुराव्याशिवाय लिहिता येत नाही. मावशी म्हणे, माझ्या नऊवारीवरचे डाग मोज, एका तोंडाचे आहेत का ते. शेवटी कंसात '२?' असं लिहायची तयारी त्याने दाखवली, पण प्रश्नचिन्ह मावशीला मंजूर नव्हतं. नाशिक फाटा आला तरी ते मिटलेलं नव्हतं.